हळू बोललेलं

भीमराज ओव्हाळच्या घरात आठ-नऊ वर्षं कुणी हळू बोललं नव्हतं. तशी सोयच नव्हती. निगडीच्या ओटास्कीम वसाहतीत घराला घर चिकटलेलं; एका घरात फोडणी पडली की तिसऱ्या घरात ठसका लागतो. तिथं सरूबाईनं नवऱ्याला "जेवायला वाढू का?" विचारलं की ते पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं. गिरणीवाला मग पीठ चाळता चाळता ओरडायचा, "काकू, मलापण वाढा!"

भीमराज एकतीस वर्षं भोसरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला होता. दोनशे टनांची प्रेस पत्र्यावर बसली की पायाखालची जमीन हलायची. दिवसभर तेच ठोके, आठ तास, ओव्हरटाइम असला तर बारा. कंपनीनं कानात घालायला बोंडं दिली होती, पण साहेब राउंडला आला की ती कानात जायची आणि साहेब गेला की पुन्हा गळ्यात लटकायची. तरण्या वयात कानाची कोण फिकीर करतो? कान म्हणजे बिडी अडकवायची जागा. पन्नाशीला टेकला तेव्हा आधी पाखरांचे आवाज गेले, ते त्याला कळलंही नाही. मग कुकरची शिट्टी गेली. मग बायकांचं आणि लहान पोरांचं बोलणं गेलं. रिटायर झाला त्या दिवशी सत्काराच्या भाषणात साहेब काय बोलले हे त्याला आजतागायत माहीत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून त्यानंही वाजवल्या. नंतर कळलं, त्या टाळ्या त्याच्यासाठीच होत्या.

एकदा कानाचं यंत्र आणलंही होतं. त्यातून पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, रिक्षांचे हॉर्न, सगळं एकाच मापानं कानात कोसळायचं, आणि माणसाचं बोलणं तेवढं त्याखाली गाडलं जायचं. वर ते मधूनच शिट्टी मारायचं. एका रविवारी विहारात वंदना संपून सगळे डोळे मिटून बसले होते आणि यंत्र असं काही वाजलं की पुढच्या रांगेतली पोरं खुदखुदली. घरी आल्यावर भीमराजनं ते पेटीत टाकलं आणि पुन्हा काढलं नाही.

त्यापेक्षा त्याची स्वतःची युक्ती बरी होती. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. तोंड हलायचं थांबलं की "हो, हो" म्हणायचं. चेहरा हसरा असेल तर आपण हसायचं, पडलेला असेल तर "चालायचंच" म्हणायचं. दहातल्या आठ वेळा निभावून जायचं. उरलेल्या दोन वेळा लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं लक्ष नाही.

त्याची मुलगी श्रद्धा लग्न होऊन पुनावळ्यात राहत होती आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीच्या कामावर जात होती. गुरुवारी सुट्टी असली की ती माहेरी यायची. मार्चमधल्या एका गुरुवारी आली ती पर्समधून एक गुळगुळीत पांढरी डबी काढूनच. डबीत वाटाण्याएवढे दोन इअरबड.

भीमराजनं ते हातात घेऊन बघितले. "मी काय गाणी ऐकत हिंडू का आता?"

श्रद्धानं उत्तर दिलं नाही. दिलं असतं तरी ओरडावं लागलं असतं. तिनं ते त्याच्या कानात बसवले, त्याचाच फोन त्याच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, आवाज आला की इथं बोट लावा. फोनमधून बारीक बारीक टुंग-टुंग यायला लागलं. काही आवाज यायचे, काही यायचे नाहीत, आणि काही आले की आल्याचा भास झाला तेच कळायचं नाही. तेवढ्यानं घाम फुटला त्याला, ऐन परीक्षेत बसल्यासारखा. शेवटी फोनवर दोन वाकड्यातिकड्या रेघा उमटल्या. उजवा कान किती गेलाय, डावा किती. श्रद्धानं त्या रेघांप्रमाणं काहीतरी लावलं, फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"पप्पा, ऐकू येतंय?"

भीमराज दचकला. मुलीच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"तुझा आवाज बदललाय का गं?"

"नाही पप्पा. माझा आवाज असाच आहे."

नऊ वर्षं त्यानं मुलीचा फक्त ओरडा ऐकला होता. ती तशीच बोलते असंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. हा आवाज तिच्या लहानपणचा होता, थोडा जाड झालेला. तो उठून उगीच पाणी प्यायला.

श्रद्धानं नीट समजावून सांगितलं. फोन म्हणजे आता तुमचा कान. तो बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, तुम्ही जरा लांब बसलात तरी चालेल. बॅटरी संपत आली की कानात टुंग होईल, मग डबीत घालून चार्ज करायचे. "आणि हे कायमचं औषध नाही. कानाच्या डॉक्टरांकडून नीट तपासून नवं यंत्र घ्यायचंच आहे. तोवर तुमचं अडायला नको."

पुढचे चार-पाच दिवस भीमराजनं ओटास्कीम पालथी घातली. भाजीवालीसमोर फोन धरला, गिरणीवाल्यासमोर धरला, मेडिकलच्या काउंटरवर ठेवला. एकानं विचारलं, "काका, व्हिडिओ काढताय का?" कुणालाही कळत नव्हतं की हा म्हातारा बहिरा आहे, कानात पांढरं काहीतरी खुपसून तर आता सगळंच गाव हिंडतं. आणि एक नवीच गोष्ट त्याच्या लक्षात आली. फोनमधून त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि तो केवढा मोठा होता! इतकी वर्षं सरू ओरडते म्हणून तो वैतागायचा. तिच्यापेक्षा तर तोच ओरडत होता.

सरूबाईची सवय मात्र सुटेना. फोन समोर असला तरी ती ठणाणा बोलायची. "अगं, हळू," तो म्हणायचा. मग ती हळू बोलायची, पण बोलायचं ते एवढंच: पाणी आलंय, जेवून घ्या, गोळी राहिलीय. भीमराजला वाटलं होतं, आता बायको भडाभडा बोलेल. पण नऊ वर्षांत तिचं त्याच्याशी बोलणं कामापुरतं उरलं होतं, आणि ते तेवढंच राहिलं.

त्या मंगळवारी सकाळी भीमराज दारातल्या ओट्यावर शेजाऱ्यांचा मिक्सर खोलून बसला होता. चहा झाल्यावर सरूनं हाक मारली तर कळावी म्हणून फोन त्यानं स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला होता. थोड्या वेळानं पलीकडच्या घरातल्या रुक्मिणीबाई आल्या. त्या मूळच्या परभणीकडच्या. नवरा चाकणला कामाला लागला तेव्हापासून वीस वर्षं शेजारी. त्यांनी भीमराजला नेहमीसारखी मान हलवून विचारपूस केली, त्यानं मान हलवून उत्तर दिलं, आणि त्या आत गेल्या.

आधी त्याला मजा वाटली. दोघींचं बोलणं कसं कानाशी बसून बोलल्यासारखं येत होतं. रुक्मिणीबाईंच्या सुनेनं पुरणात जायफळ जास्त घातलं, त्याची तक्रार झाली. तो मिक्सरचा स्क्रू काढत गालात हसला. मग सरूचा आवाज खाली आला.

"रुक्मिणीताई, ती गाठ अजून तशीच आहे हो."

"आगं बाई! तू दवाखान्यात गेलीच न्हाईस का? म्या म्हनलं व्हतं ना तुला?"

"चार महिने झाले. दुखत नाही, म्हणून राहिलं. आता जरा मोठी लागते हाताला. डावीकडं, काखेच्या जवळ."

"मालकाला सांगितलंस का?"

आतून पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. भीमराजच्या हातातला स्क्रूड्रायव्हर जागीच थांबला होता.

"त्यांना कसं सांगू? त्यांना सांगायचं म्हणजे सगळ्या आळीला सांगायचं. असली गोष्ट ओरडून सांगायची असते का ताई? अंगावरची गोष्ट. आता श्रद्धानं ते यंत्र दिलंय, तरी जीभ रेटत नाही."

"मग कागदावर लिहून दे की."

"हातच होईना. एकदा सांगितलं होतं मी. दिवाळीनंतर. संध्याकाळी जवळ बसले आणि हळूच सांगितलं, की मला इथं काहीतरी लागतंय, भीती वाटते. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, 'हो, हो. चालायचंच.'"

"आन् लेकीला?"

"तिची सासू ह्याच रोगानं गेली मागच्या वर्षी. तिनंच केलं सगळं शेवटपर्यंत. तिला परत कुठं त्यात ढकलू?"

भीमराजनं दोन्ही कानातले बड काढले आणि मुठीत धरले. एकदम सगळं पहिल्यासारखं झालं. पाण्यात बुडी मारल्यावर असतं तसं. समोर पोरं खेळत होती, त्यांची तोंडं हलत होती. त्याला ती संध्याकाळ आठवली. सरू शेजारी बसली होती, तिचा चेहरा पडला होता, ओठ हलले होते. माहेरच्या कुणाचं दुखणंखुपणं असेल असं समजून त्यानं तो शब्द टाकला होता. टाकून परत टीव्हीकडं बघितलं होतं.

रुक्मिणीबाई बाहेर पडताना हात हलवून गेल्या. त्याला त्यांच्याकडं बघवेना.

तो आत गेला. सरूबाई चहा गाळत होती. त्यानं दार लोटलं, फळीवरचा फोन घेतला, बड पुन्हा कानात घातले आणि फोन तिच्या हातात दिला.

"सरू," तो म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकत, मोजून मापून हळू म्हणाला. "मला ऐकू आलं सगळं. फोन इथंच होता."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

"चोरून ऐकलंत?"

"चोरून नाही. पण ऐकलं. कान काढून ठेवायला पाहिजे होते, नाही काढले."

"बायकांचं बोलणं ऐकत बसलात! लाज नाही वाटत?"

"वाटते," भीमराज म्हणाला. "ऐकल्याची नाही वाटत. दिवाळीनंतर ऐकलं नाही, त्याची वाटते."

सरूबाईनं गाळणं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. तो तिच्याजवळ जमिनीवरच बसला. मग ती बोलायला लागली. फोन तिच्या मांडीवर होता आणि ती इतकं हळू बोलत होती की भिंतीपलीकडं काही गेलं नसेल. कधी कळलं, कसं कळलं, हात लावायची भीती कशी वाटते, श्रद्धाच्या सासूचे शेवटचे दिवस डोळ्यांपुढून कसे जात नाहीत. भीमराज मधे "हो हो" म्हणाला नाही. एकदाच म्हणाला, "परत सांग, हे नीट नाही आलं." तिनं परत सांगितलं. चहा गार होऊन त्यावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं महापालिकेच्या दवाखान्यात गेले. तपासणाऱ्या डॉक्टर विजयश्री मॅडम तिशीतल्या असतील. भीमराजनं आधी हात जोडले.

"मॅडम, मला ऐकू येत नाही. हा फोन तुमच्या टेबलावर ठेवू का? रेकॉर्ड नाही करत. हाच माझा कान आहे."

मॅडमनी फोन उचलून स्वतःच आपल्याजवळ ठेवला. "बरं केलंत सांगितलं. नाहीतर पेशंट नुसती मान हलवतात आणि घरी जाऊन भलतंच करतात."

भीमराज खाली बघून हसला. मान हलवण्यात तो पदवीधर होता.

सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली, सुईनं काढलेला तुकडा तपासायला गेला. सरूबाईच्या कानात त्या दिवसांत काही म्हणजे काही शिरत नव्हतं. मॅडम बोलायच्या आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसायची. सगळं ऐकलं ते भीमराजनं. कुठल्या खोलीत जायचं, कोणता कागद घ्यायचा, उपाशी यायचं की खाऊन यायचं, सगळं शाळेच्या वहीत लिहून ठेवलं. न कळलेलं न लाजता परत विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठल्यातरी साहेबाला म्हणाला, "नाही कळलं, परत सांगा."

रिपोर्ट यायला आठ दिवस होते. ते आठ दिवस कसे जाणार याचा दोघांनाही धसका होता, पण गेले ते बोलण्यात. सरूबाईचा बांध एकदा फुटला तो फुटलाच. दुपारी भाजी निवडताना, संध्याकाळी प्राधिकरणाच्या बागेत बाकावर, ती बोलत राहायची आणि फोन दोघांच्या मधे असायचा. नऊ वर्षांचं साचलेलं होतं. मावसबहिणीचं भांडण, श्रद्धाच्या लग्नातला एक मानपान, तिला स्वतःला पडलेली स्वप्नंसुद्धा.

"मी श्रद्धाची स्कूटी शिकले होते, माहितीये का?" ती एकदा म्हणाली.

"तू? स्कूटी?"

"चार दिवस. मैदानावर. पाचव्या दिवशी पडले, गुडघा फुटला. तुम्हाला सांगितलं होतं की."

"मी काय म्हणालो?"

"काय म्हणणार? हो हो."

आणि त्या रिपोर्टच्या सावलीतही दोघं बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसले.

गाठ कॅन्सरचीच निघाली. विजयश्री मॅडमनी ते आडवळण न घेता सांगितलं, आणि लगेच पुढंही सांगितलं. "पहिल्या टप्प्यात आहे. काखेत पसरलेलं दिसत नाही. गाठ काढू, मग रेडिएशन देऊ, मग काही वर्षं गोळी. आणखी सहा-आठ महिने अंगावर काढलं असतं तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. वेळेवर आलात."

"वेळेवर आलात" हे दोन शब्द भीमराजनं सरूबाईकडं वळून तिला परत ऐकवले, तिच्या कानाशी जाऊन, हळू. तिला ते पहिल्यांदा ऐकूच गेले नव्हते.

श्रद्धाला मग सांगावंच लागलं. ती रडली, आईवर चिडली, रुक्मिणीबाईंवरही चिडली, आणि डोळे पुसून ऑपरेशनच्या तारखेला रजा टाकून मोकळी झाली. ऑपरेशन नीट पार पडलं. मग रेडिएशन, आठवड्याला पाच दिवस बसनं जायचं आणि यायचं. सरूबाईची त्वचा तिथं काळवंडली, थकवा यायचा, दोन आठवडे तिला जेवण गोड लागलं नाही. श्रावण संपता संपता शेवटचा दिवस झाला. नंतरच्या तपासणीत मॅडमनी कागद बघून मान डोलावली आणि सहा महिन्यांनी या म्हणाल्या.

त्या गुरुवारी श्रद्धानं घरी पुरणपोळ्या केल्या आणि रुक्मिणीबाईंना जेवायला बोलावलं. पानं वाढल्यावर भीमराज उभा राहिला. त्याला चार शब्द बोलायचे होते. सत्काराच्या भाषणात साहेब बोलतात तसे, पण खरे.

"रुक्मिणीताई, त्या दिवशी तुम्ही विचारलं नसतं..." एवढंच म्हणून त्यानं हात जोडले.

रुक्मिणीबाई घाबऱ्या झाल्या. "आवो भाऊजी, बसा वो खाली! म्या काय केलं? निसतं इचारलं. इचारायला काय पडतंय?"

"तेच," भीमराज म्हणाला. "विचारायला काही पडत नाही." आणि बसला. श्रद्धानं त्याच्या पानात पोळी वाढली तेव्हा त्यानं तिचा हात क्षणभर धरून ठेवला. 

दिवाळीच्या आधी त्याला सयाजीचा निरोप आला. सयाजी प्रेस शॉपमधला त्याचा जुना जोडीदार, शेजारच्याच मशीनवर पंचवीस वर्षं उभा राहिलेला, कुरुळीच्या जुन्या गावकऱ्यांपैकी. त्याचेही कान तसेच गेलेले. त्याला कुणाकडून तरी कळलं होतं की भीमराजला आता ऐकू येतं. भीमराज निगडीहून बस बदलत बदलत कुरुळीला गेला. सरूबाईनं येताना लवकर या म्हणून बजावलं होतं.

सयाजी अंगणातच बसला होता. त्यानं भीमराजला कडकडून मिठी मारली आणि त्याच्या कानांकडं बोट करून ओरडला, "ह्ये व्हय रं त्ये? गाणी ऐकतोस व्हय?"

भीमराजनं मान हलवली, त्याला हाताला धरून घरात नेलं आणि खाटेवर बसवलं. बड कानातून काढले, सदऱ्याच्या टोकानं नीट पुसले आणि सयाजीच्या कानात बसवले. त्याच्या कानाच्या मापाचं नंतर श्रद्धा लावून देणार होती. आजच्यापुरतं एवढं चालणार होतं. मग त्यानं आतल्या दाराशी उभ्या असलेल्या सयाजीच्या बायकोला बोलावलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"वहिनी, तोंडाजवळ धरा. ओरडू नका, हळू बोला."

ती फोन उलटासुलटा करून बघायला लागली. "काय बोलू, भावजी?"

बड सयाजीच्या कानात असल्यामुळं भीमराजला ते ऐकू आलं नाही, पण तिच्या ओठांवरून कळलं.

"तुमचं राहिलेलं," तो म्हणाला. "मला काही ऐकू येत नाही, काळजी करू नका. तरी मी बाहेर बसतो."

त्यानं दार मागं ओढून घेतलं आणि अंगणातल्या दगडावर जाऊन बसला. समोरच्या रस्त्यावरून दुसऱ्या शिफ्टच्या बसगाड्या चाकणकडं चालल्या होत्या, एकामागं एक, त्याच्यासाठी अगदी मुक्या. बराच वेळ झाला तरी आतून कुणी बाहेर आलं नाही. भीमराजलाही घाई नव्हती.